शेकोटीवरची कमान

पाचगणीतल्या आमच्या जुन्या कॉटेजमध्ये भिंतीतल्या शेकोटीवरची लाकडी तुळई आतून जळून कोळसा झाली होती आणि तिच्यावर अख्खं दगडी धुराडं उभं होतं. "ताई, धुराडं पाडूनच टाकू," हणमंत गवंडी म्हणाला. मी नाही म्हटलं. भिंतीतून आरपार लोखंडी गर्डर घालून त्यांना टेकू दिले, तुळई काढली आणि तिथे जांभ्याची कमान बांधून घेतली.

आज टेकू काढायचे होते. हणमंतने टेकूंखालच्या पाचरी सैल केल्या तशी भिंत बारीक करकरली.

"ताई, मागे व्हा."

"कमान मी घालायला लावली. मी इथेच उभी राहणार."

"आणि पडली तर साहेबांना काय सांगू?"

"सांग, आजपासून स्वयंपाक तुम्हीच करा."

कमान ओझं नाहीसं करत नाही, दोन्ही बाजूंना वाटून देते. बहुतेक घरं अशीच उभी असतात. मधली जागा तेवढी मोकळी ठेवावी लागते, कारण ऊब तिथेच बसते.

शेवटचा टेकू निघाला आणि काहीही झालं नाही. पुष्कळ गोष्टी घडवल्याचा अभिमान मी मिरवला आहे. काहीच न घडल्याचा इतका अभिमान मात्र पहिल्यांदाच वाटला.