समुद्रकाठचा तंबू

त्या मे महिन्यात मंगळूरला जायचं ठरलं, तेव्हा अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, जाहीर केलं की यंदा कुणाच्या घरी उतरायचं नाही, थेट वाळूवर तंबू ठोकायचा. बसवनगुडीतल्या आमच्या गच्चीवर रोज संध्याकाळी सराव सुरू झाला. तंबू उभा राहायचा आणि अण्णा आत शिरले की कोसळायचा. आई शांतपणे विचारायची, "चहा आत देऊ की बाहेर?"

तिची एकच अट होती: मंगळुरात भर बाजारात राहणाऱ्या आत्याला यातलं काही कळता कामा नये. पण थोरल्या बहिणीच्या गावी जायचं आणि तिला कळवायचं नाही, हे अण्णांना जमणारं नव्हतं. "अक्काला फक्त वाऱ्याचं स्वल्प, अगदी थोडंसं, विचारतो," म्हणत त्यांनी पत्र टाकलंच.

आठवडाभरात उत्तर आलं. अण्णा मोठ्यानं वाचू लागले आणि मध्येच त्यांनी पत्र आईच्या हातात दिलं. उरलेलं आईनं वाचलं: "मी जिवंत असताना वाळूवर झोपणार? मुकाट्यानं घरी या. तंबू मात्र विसरू नकोस. गच्चीवर फणसाचे पापड घालायचेत. दिवसभर कावळे हाकत बसाल, तेव्हा डोक्यावर सावली हवी."