आतल्या खोलीचा पासवर्ड

वायफायचा पासवर्ड विचारला की काकू पदराचं टोक ओठांवर धरायच्या आणि दुसऱ्या हातानं आतल्या खोलीकडं बोट दाखवायच्या. "मला घेता येत न्हाई बाई," एवढंच म्हणायच्या.

नवखा माणूस गोंधळायचा. पासवर्ड सांगता येत नाही, आठवत नाही, हे समजू शकतं. घेता येत नाही म्हणजे काय? पण अशा बायका तुम्हीही पाहिल्या असतील. नवऱ्याचं नाव त्या सांगत नाहीत, ते घ्यावं लागतं. आणि काकूंनी ते कधीच घेतलं नव्हतं. त्यांचं माहेर लातूरकडचं. लग्नात घास भरवायच्या वेळी उखाणा अडला, तेव्हा मागून बहिणीनं नाव घेऊन वेळ निभावली, असं त्याच सांगायच्या.

नांदेडला आमच्या गल्लीत त्यांचं घर शेवटचं. काका विष्णुपुरीच्या धरणावर नोकरीला होते, मग निवृत्त झाले. मी त्यांच्याकडं भाकरी आणि भांड्यांना जायचे. आता ते घर बंद असतं. काकू परदेशात मुलाजवळ राहतात.

काकांचं नाव ज्ञानोबा. मला इथं लिहायला काही वाटत नाही, पण काकूंना त्या नावापायी फार कसरत करावी लागे. देवळात बायका 'ज्ञानोबा-तुकाराम' म्हणू लागल्या की काकू आधी नुसती टाळी वाजवायच्या आणि तुकारामापासून सूर धरायच्या. कुणी म्हणालं, काकू, ते तर संताचं नाव आहे, तर म्हणायच्या, "असंल. आमच्या घरी ते दाढीला आरसा मागतेत."

दवाखान्यात केसपेपर काढताना त्या मला सोबत न्यायच्या ते त्याचसाठी. नाव मी सांगायचे, बाकी सगळं त्या. मीही चारचौघांत बोलायला लाजणारी. खिडकीतल्या माणसाला दोनदा विचारावं लागायचं. मागं रांगेतले लोक हसायचे, आणि आम्ही दोघी एकमेकींच्या आड उभ्या राहायचो.

एकदा भाकरी थापता थापता मी विचारलं, काकू, का घेत नाही तुम्ही? त्या चुलीपाशी बसून शेंगा निवडत होत्या. म्हणाल्या, "नाव घेतलं की त्यांचं आयुष्य कमी होतंय म्हणतेत. खरं-खोटं देवाला ठाऊक. पर आपल्या तोंडानं कशाला कमी करावं?"

मी पुढची भाकरी थापायला घेतली.

वायफाय बसवलं ते एका दिवाळीत. मुलगा सुट्टीवर आला होता. तो तिकडं कंप्युटरचंच काम करतो. पुढच्या खोलीत इंटरनेटवाल्यानं डबा बसवला, पण काकांची खाट होती मागच्या खोलीत. ती खोली गल्लीच्या पार पोटात. मोबाईलची रेंज बाहेरच्या पायरीवरच थांबायची, आणि पुढच्या डब्याचंही वारं तिथं पोचत नव्हतं. मग मुलानं बाजारातून आणखी एक पांढरा डबा आणला, वायर ओढून आतल्या दारावर ठोकला. त्याला तो ऍक्सेस पॉइंट म्हणायचा. काकू त्याला 'वरचा डबा' म्हणायच्या. त्याचा हिरवा दिवा बघून त्यांनी विचारलं होतं, हा डोळा मिटत नसतो का?

डबा लागल्यावर मुलगा स्टुलावर बसून बराच वेळ फोनवर काहीतरी टिपत होता. म्हणाला, डब्याच्या पाठीवर जो पासवर्ड छापलेला असतो तो तसाच ठेवायचा नसतो. कुणीही शिरतं, आपल्या नावावर भलतंच काही करून बसतं, आणि पोलीस येतात ते आपल्या दारात.

"मग कडी लाव की," काकू म्हणाल्या.

"कडीच लावून राहिलोय आई. काय ठेवू पासवर्ड?"

खाटेवरून काका म्हणाले, "माझं नाव ठेव. तुझी आई मरंपर्यंत कुणाला सांगायची न्हाई. एवढं पक्कं कुलूप अख्ख्या नांदेडात मिळणार न्हाई तुला."

सगळे हसले. काकूही हसल्या, पण पदराआडून. मुलानं हसत हसतच काहीतरी टाइप केलं, घरात एकच फोन होता, आईचा, त्यात तो पासवर्ड स्वतः भरला आणि म्हणाला, आता आपोआप लागत जाईल, तुला काही करायला नको. त्यानं काय टाइप केलं ते कुणी बघितलं नाही.

त्यानंतर गल्लीला एक खेळच मिळाला. कुणाच्या तरी फोनचं नेट संपायचं, ती काकूंकडं यायची. काकू आत बोट दाखवायच्या. आत गेलं की काका म्हणायचे, "मला काय विचारता, तिला विचारा. ती घेईल तर वायफाय तुमचं." माणूस परत बाहेर. संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला तर बायकांनी घेरलंच त्यांना, की काकू, पासवर्ड उखाण्यात घ्या. काकूंनी एकेकीच्या तोंडात तिळगूळ कोंबून तोंडं बंद केली. काकांचं नाव आपणच टाकून बघावं असं कुणाला वाटलं नाही, गंमत होती ती काकूंच्या तोंडून ऐकण्यात. कुणी चिडून गेलं नाही, आणि पासवर्डही कुणाला मिळाला नाही.

पुढं काकांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मुलाला सुट्टी मिळत नव्हती. तो रोज व्हिडिओवर यायचा. काकू फोन उशाच्या तांब्याला टेकवून ठेवायच्या. मुलगा दिसला की काकांचा डावा हात कपाळापर्यंत जायचा आणि तिथंच थांबायचा. दिवसभरात तो हात तेवढाच हलायचा. बाकी औषधं, मालिश, तेल, सगळं चाललं होतं, पण काकू वाट बघायच्या ती त्या हाताची. मला म्हणायच्या, "डब्यामुळं जीव धरून हायेत बघ."

मग एक दिवस डॉक्टरांनी घरी येऊन तपासलं आणि दारात काकूंना सांगितलं की मुलाला बोलवून घ्या. मुलगा निघाला. वाटेत विमान बदलायचं होतं. तिथं उतरलो की दुपारी व्हिडिओ लावतो, बाबांना मला बघू दे, मी येईपर्यंत त्यांना धीर दे, असं त्यानं निघताना कळवलं. काकूंनी ते काकांच्या कानाशी सांगितलं. काकांनी डोळे उघडले.

त्याच सकाळी, काकांचं अंग पुसताना, काकूंच्या हातून फोन पाण्याच्या बादलीत पडला.

फोन पुसला, तांदळात ठेवला. तो पुन्हा पेटला नाही. समोरच्या घरात जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या बाई राहतात. रविवार होता म्हणून त्या घरी होत्या. त्यांनी आपला जुना फोन आणला, काकूंचं सिम त्यात घातलं, पायरीवर बसून व्हॉट्सॲप चालू करून दिलं. पायरीवर सगळं चाललं. आतल्या खोलीत नेला की फोन मुका. खाट बाहेर काढावी, तर नाकाला ऑक्सिजनची नळी आणि डॉक्टरांची हलवायची सक्त मनाई. इंटरनेटवाल्याला फोन केला, त्यानं उद्याचं सांगितलं.

बाई आतल्या खोलीत आल्या. म्हणाल्या, "काकू, पासवर्ड टाकला की झालं. काय आहे?"

काकूंचा हात पदराकडं गेला. पदर ओठांवर आला. दुसरा हात उचलून त्यांनी खाटेकडं बोट केलं, आणि मग तो हात त्यांचा त्यांनीच खाली घेतला. खाटेवरच्या माणसाला आता बोलता येत नव्हतं. मी नाव सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात काकूंनी मला थांबवलं. का थांबवलं ते मला आजही कळत नाही. त्यांनी पदर सोडला आणि म्हणाल्या,

"ज्ञानोबा."

जड भांडं आवाज न करता खाली ठेवावं, तसं त्यांनी ते नाव ठेवलं. बाईंनी टाइप केलं. फोननं सांगितलं, पासवर्ड चुकीचा आहे.

बाईंना वाटलं इंग्रजी अक्षरं चुकली. 'ज्ञ'चं इंग्रजीत कुणी काही करतं, कुणी काही. त्यांनी डी घालून पाहिलं, जी घालून पाहिलं, जे घालूनही पाहिलं. प्रत्येक वेळी चुकीचा.

"चुकीचं कसं?" काकू म्हणाल्या. "हेच नाव हाय त्यांचं." मग हळूच मला म्हणाल्या, "मलाच नीट घेता येईना वाटतं. सवय न्हाई."

आणि त्या दारावरच्या डब्याखाली जाऊन उभ्या राहिल्या. मान वर करून, एकेक अक्षर सुटं करून त्यांनी पुन्हा ते नाव घेतलं. पुन्हा, जरा मोठ्यानं. बाई म्हणाल्या, काकू, त्याला ऐकू येत नसतं, तिथं लिहावं लागतं. काकूंनी मान हलवली, समजलं म्हणाल्या, आणि परत घेतलं. हिरवा दिवा तसाच जळत होता. मला त्यांच्याकडं बघवेना म्हणून मी खाटेकडं बघितलं. काकांचे डोळे उघडे होते आणि काकूंवर होते. त्यांना ऐकू गेलं का, गेलं तर काय वाटलं, हे मी सांगू शकत नाही.

दुपारी फोन आला तो पायरीवर. आम्ही तिघी तिथंच बसलो होतो. चित्र अडकत होतं, आवाज तुटत होता. काकूंनी मुलाला खुशालीसुद्धा विचारली नाही. "पासवर्ड सांग," म्हणाल्या. "नाव घेतलं मी. चालत न्हाई."

तो म्हणाला, "आई, बाबांचं नाव तर दारावरच्या पाटीवर हाय. कुणीही वाचून घुसलं असतं. म्हणून त्याला जोडून तुझं नाव टाकलं मी. तुझं कुठंच लिहिलेलं न्हाई, म्हणून तेच पक्कं."

बाईंनी त्याच्याकडून काकांच्या नावाची इंग्रजी अक्षरं विचारून तळहातावर लिहून घेतली. पुढचं तो सांगत होता तेवढ्यात तिकडं विमानाची घोषणा झाली, त्याला पळावं लागलं, फोन कटला.

बाई म्हणाल्या, "काकू, तुमचं नाव काय?"

समोरासमोर राहून त्यांना ते माहीत नव्हतं. मला तरी कुठं माहीत होतं. काकूंनी ते खाली बघत सांगितलं. "माझं कशाला घातलं त्यानं," एवढं म्हणाल्या. ते नाव मी इथं लिहीत नाही.

दोन्ही नावं जोडून टाकल्याबरोबर फोन आतल्या खोलीत लागला. रेषा पूर्ण भरल्या. काकूंनी तो रोजच्यासारखा तांब्याला टेकवून काकांसमोर ठेवला. पण पलीकडं कुणी नव्हतं. मुलगा विमानात बसला होता.

काकांचा श्वास लांबत चालला. बाई म्हणाल्या, निदान आवाज तरी भरून पाठवा त्याला, उतरला की ऐकेल. त्यांनी बटण धरून फोन काकूंपुढं केला. काकूंना फोनशी काय बोलावं सुचेना. त्या काकांच्या कानाशी वाकल्या आणि बोलल्या ते काकांशीच. ते सगळं फोनमध्ये गेलं. मग त्या सारख्या विचारत राहिल्या, पोचलं का? बाई दाखवायच्या, एकच टिक आहे काकू, अजून नाही पोचलं.

दिवेलागणीला काका गेले. हात कपाळापर्यंत गेला नाही.

नायगावहून दीर, जावा आल्या. मुलासाठी थांबायचं ठरलं, बर्फ आणला. मुलाचं सिम परदेशातलं, इकडं चालत नव्हतं. हैदराबादला उतरून गाडी करून तो सकाळी आला, तोपर्यंत त्याला काही कळलेलं नव्हतं. गल्लीच्या तोंडाशी लोक बसलेले बघून त्याला कळलं. घरात आला आणि जोडे न काढताच पुढच्या खोलीत थांबला.

त्याचा फोन मात्र घराला ओळखत होता. उंबऱ्यातच आपोआप लागला आणि खिशात वाजायला लागला. त्यानं तो काढला. काय करतोय हे बहुतेक त्यालाही कळत नसावं. आईचं नाव दिसलं म्हणून त्यानं बोट ठेवलं.

बायकांचं रडणं जरा थांबलं होतं. त्या शांततेत फोनमधून एका बाईचा आवाज आला. जेवायला उठवावं तसा, न रागावता, पुन्हा पुन्हा. "ज्ञानोबा. अहो ज्ञानोबा. पोरगं येऊन राहिलंय. डोळे उघडा, ज्ञानोबा."

काकू काकांच्या उशाशी बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली, दाराकडं कान दिला, आणि मला विचारलं,

"कोण गं बाई ही, त्यांचं नाव घेऊन राहिली?"