मेंढरामागची आमदारीण

आमदाराची बायको म्हटली की डोळ्यापुढं इस्त्रीचं पातळ येतं, गाडीतली मागची सीट येते. म्हाळसाबाईकडं यातलं काही नव्हतं. तिच्याकडं ऐंशी मेंढरं होती, एक काठी होती, अन् खुलताबादच्या डोंगराखालच्या वाडीत दोन खोल्यांचं घर होतं. नवरा मुंजाबा मुंबईला विधानसभेत बसायचा, ही गायरानात. लोक तोंडावर आमदारीणबाई म्हणायचे अन् पाठीमागं हसायचे. तिला दोन्ही ऐकू यायचं. ती कशालाच भीक घालायची नाही.

आता खरं सांगायचं तर मुंजाबा आमदार झाला तोच मुळी मेंढरांच्या जिवावर. पोलीस ॲक्शनच्या सालातला, म्हणजे अठ्ठेचाळीसचा जन्म, शाळा नावाला. दसरा झाला की नवरा-बायको कळप घेऊन वाडी सोडायची. रोज नव्या शेतात वाघूर, म्हणजे जाळी, लावून मेंढरं बसवायची. शेतकऱ्याला लेंडीखत, यांना पायलीभर जोंधळा. असं करत नदीकाठच्या गंगाथडीपर्यंत जायचं अन् मृगाच्या तोंडावर परतायचं. पंधरा वर्षांत पन्नास-साठ गावं पायाखालची झाली. कुणाची विहीर आटली, कुणाची लेक नांदत नाही, मुंजाबाला सगळं तोंडपाठ.

हे हेरलं देवगाव रंगारीच्या नानासाहेबांनी. मोठे जमीनदार, तिकडचं राजकारण त्यांच्या ओसरीवर शिजायचं. ऐंशी साली त्यांना गरीब, ओळखीपाळखीचा अन् मुख्य म्हणजे ऐकणारा उमेदवार पाहिजे होता. मुंजाबा घरी येऊन म्हणाला, "फार्म भरतो. पडलो तर मेंढरं हायेतच."

पडला नाही. पण निवडून आल्यावर त्यानं नानासाहेबांचं ऐकणं सोडलं, अन् पुढच्या खेपेला सपाटून आपटला. मग पाच वर्षं गुमान कळपामागं हिंडला. म्हाळसाबाईला विचाराल तर तिच्या संसारातली ती पाच वर्षं सोन्याची. तिनं काय नवस केला नव्हता तो पडावा म्हणून, पण आनंद झाला तो झाला. इकडं लोकांनी पडलेला आमदार शेतात जाळी ठोकताना पाहिला, त्यांना भरून आलं, अन् नव्वद साली त्यांनी त्याला उचलून परत मुंबईला धाडला.

तो मग दर खेपेला निवडून येत गेला, अन् वाडीचा काही राहिला नाही. शहराजवळ पडेगावला स्लॅबचं घर झालं, दारात दोन गाड्या आल्या. "चल," म्हणाला. ही म्हणाली, "मेंढरं कुठं बांधू? गच्चीवर?" अन् वाडीतच राहिली. पडेगावला जायचं झालं तर एसटीनं जायची. एकदा कंडक्टर तिच्यावर खेकसला, "मावशे, ऊठ, ती आमदाराची राखीव सीट हाय." मांडीवरचं कोकरू सावरत ही म्हणाली, "मग बराबर बसले की!"

बिनसलं ते गायरानापायी. पावसाळ्यात चहूकडं पिकं उभी असतात, मेंढरू कुणी बांधावरसुद्धा उभं करू देत नाही. आखाडापासून भादव्यापर्यंत वाडीच्या कळपांना आसरा एकच, वाडीमागचं चाळीस एकर गायरान. अन् मुंजाबाच्या शिक्षणसंस्थेला कॉलेज बांधायला नेमकं तेच पाहिजे होतं. ग्रामसभेत ठराव आला. म्हाळसाबाईचा भाऊ कडूबा, स्वतःची शंभर मेंढरं बाळगणारा, त्यानंच पहिला अंगठा उठवला. "दाजी म्हणत्यात तर चांगलंच असंल," म्हणाला. सगळी वाडी मुंजाबावर जीव टाकायची. आपल्यातला एक माणूस मुंबईला बसतो, त्याच्यापुढं गवताची काय कथा!

म्हाळसाबाईनं नवऱ्याला समोर बसवलं. "कॉलेज दुसरीकडं काढा. गायरान गेलं तर आखाडात मेंढरांनी काय खायाचं?"

"अगं, पोरं शिकतील. किती पिढ्या मेंढरंच हाकायची?"

हे काही खोटं नव्हतं, अन् तिलाही ते कळत होतं. "शिकू द्या की. पन मेंढरं अजून हायेत. त्यो कागद फाडा, नाय तर माझं मत तुमाला नाय. आत्ताच सांगून ठेवते."

आमदार पोट धरून हसला. पडेगावला जाऊन त्यानं चार माणसांत हा किस्सा रंगवून सांगितला, तीही हसली.

दोन हजार चारचं इलेक्शन आलं. मतदानाचं मशीन तेव्हा नवं होतं. आधी गावोगावच्या मतपत्रिका एकात एक मिसळून मोजायचे, कोणत्या वाडीनं काय दिवे लावले ते उमगायचं नाही. आता केंद्रागणिक आकडा वेगळा निघाला. मुंजाबा आठ हजारांनी निवडून आला. निकालाच्या दुपारी गाड्यांची रांग गुलाल उधळत वाडीत शिरली. दारात म्हाळसाबाई आरतीचं ताट घेऊन उभी होती. आमदाराचा पीए बद्रीनाथ जीपच्या बॉनेटवर चढला अन् कागद नाचवत ओरडला, "आपली वाडी! दोनशे बारातली दोनशे अकरा साहेबांना!"

जल्लोष झाला. अन् तो ओसरला तसं एकेकाच्या डोक्यात उजेड पडला. मग राहिलेलं एक कुणाचं?

"सांडूचं!" कडूबा गरजला. सांडू गरीब माणूस. घरकुलाच्या यादीत नाव आलं नाही म्हणून महिनाभर कुरकुरत होता, एवढाच त्याचा गुन्हा. "मी नाय रे, आईच्यान नाय," तो ओरडतोय तोवर दोघा-तिघांनी त्याची गचांडी धरली. त्याची बायको साळूबाई मधे पडली, तिलाही ढकललं. आमदार हात वर करून "अरे, सोडा" म्हणत होता, पण ओठांतल्या ओठांत.

म्हाळसाबाईनं ताट उंबऱ्यावर ठेवलं. "सोडा त्याला. ते मत माझं हाय."

हलगी थांबली. मुंजाबाचा चेहरा गुलालातसुद्धा उतरलेला दिसला. पण मुरलेला गडी, हसून म्हणाला, "चुकून दाबलं असंल बटन. नवं मशीन, म्हातारं माणूस."

"चुकून कसं दाबीन? बद्रीनाथनं तीनदा शिकवलं मला. तुमी हरला असता तर गायरान राहिलं असतं, अन् तुमी बी घरी आला असता. मला लई वाटत व्हतं तसं."

शेवटचं बोलून गेल्याची तिला स्वतःचीच चीड आली. तिनं ताट उचललं, नवऱ्याला रीतीप्रमाणं ओवाळलं, अन् कुणाकडं न बघता मेंढरं सोडायला गेली.

कॉलेज दोन वर्षांत उभं राहिलं. इमारतीला पाच एकर लागले. बाकीच्या पस्तीस एकरांवर तारेचं कुंपण घालून नुसतं गवत माजलं. आखाड लागला. कडूबानं अर्धी मेंढरं बाजारात काढली होती. म्हाळसाबाई आपला कळप कुंपणाकडेनं हाकत फाटकापाशी आली. फाटकावर वॉचमन सांडू. ते एक मत त्याचं नव्हतं हे कळल्यावर आमदारानं लावली होती नोकरी. वर भली मोठी नवी पाटी. तिला वाचता येत नव्हतं.

"काय लिव्हलंय रं?"

सांडू चाचरला. "तुमचंच नाव हाय, बाई. म्हाळसाबाई महाविद्यालय. साहेबांनीच घातलं. म्हणले, तुमाला बरं वाटंल."

पाटीकडं बघताना तिला हसू येत होतं अन् रडूही, अन् मागं मेंढरं भुकेनं ओरडत होती.

"म्हंजी माझ्या नावाचं हाय न्हवं हे?"

"व्हय, बाई."

"मग फाटक उघड."

सांडूनं एकदा रस्त्याकडं पाहिलं, अन् फाटक सताड उघडलं. ऐंशी मेंढरं आत घुसली. दुसऱ्या दिवशी कडूबाचीही आली, तिसऱ्या दिवशी सगळ्या वाडीची. पडेगावहून फोन आला. सांडू अदबीनं म्हणाला, "साहेब, पाटीवर बाईंचं नाव हाय. बाईंनाच इचारा."

साहेबांनी अजून विचारलेलं नाही.