लालाचा पडदा

सॅन पेद्रोच्या बंदरात बोटींची शिडं शिवणाऱ्या एउलालिया बरागानला, म्हणजे सगळ्यांच्या लालाला, अवकाश दुर्बिणीच्या कारखान्यात काम मिळालं तेव्हा नवऱ्याने, राउलने, गल्लीभर बिअर वाटली होती. दुर्बिणीला उन्हापासून वाचवणारा टेनिस कोर्टाएवढा चंदेरी पडदा तिने शिवायचा होता. दुर्बीण चार-पाच वर्षांत उडणार होती.

पण आधी हादऱ्यांच्या चाचणीत पडद्याच्या चौकटीचे स्क्रू गळून पडले. मग वॉशिंग्टनवाल्यांनी पैसे अडवले. ते सुटेपर्यंत राउल वारला. दर रविवारी अंगणात मांस भाजताना धाकटा दीर नाचो विचारायचाच, "काय वहिनी, छत्री उडाली का?" सगळे खिदळायचे.

"उडेल तेव्हा तुला सांगूनच उडेल," लाला म्हणायची. "तू चिमटा हलव, करपतंय."

मग पडदा उलगडून बघताना एका कोपऱ्यात टर्रकन फाटला. तारीख पुन्हा पुढे गेली. साहेबांनी, प्रिचर्डनी, तिला खोलीत बोलावलं.

"लाला, घडी चुकली की शिवण, ते कळत नाहीये. पण वरच्यांना कुणाचं तरी नाव हवंय. तुम्ही आता निवृत्त व्हा. आपण छान निरोप देऊ, केक आणू."

"केक आणा, खाईन मी," लाला म्हणाली. "नाव हवंय ना? माझं लिहा. आणि त्याच्याच खाली लिहा, की नवा कोपराही हीच शिवणार आहे."

"ते माझ्या हातात नाही हो."

"मग ज्यांच्या हातात आहे त्यांना सांगा, उद्या दाराशी अडवायला माणूस ठेवा म्हणावं."

कुणी अडवलं नाही. मुलगी मारिसेला विनवत होती, "आई, गुडघे बघ तुझे! कशाला जिवाचा आटापिटा?" लाला गुडघ्यांना पट्टे बांधून, पडद्यावर धूळ पडू नये म्हणून वर पांढरा सूट चढवून जमिनीवर बसायची. टाक्यांच्या दोन ओळी वाकड्या गेल्या तेव्हा स्वतःला शिव्या घालत तिनेच त्या उसवल्या आणि पुन्हा घातल्या.

अखेर दुर्बीण फ्लोरिडाला गेली. तिथे वाऱ्याने उड्डाण रद्द झालं, मग इंधनाच्या गळतीने. नाचोचा फोन आला, "वहिनी, बसनेच पाठवा आता!" लालाने फोन आपटला. पुढच्या खेपेला मात्र उडाली.

वर अवकाशात पडदा उघडायचा होता त्या सकाळी ती स्वयंपाकघरात फोनपाशी उभीच होती. प्रिचर्डचा आवाज चिरकत होता. "उघडला, लाला! अख्खा उघडला!"

तिने लगेच नाचोला फोन लावला. "उघडला. आता हस."

पलीकडे नाचो नाक ओढत म्हणाला, "दादा असायला हवा होता, वहिनी."

"हो रे," लाला म्हणाली, आणि खुर्ची ओढून खाली बसली.