बरणीतली विहीर

मार्चच्या सुरुवातीला बँकेला सलग सुट्ट्या जुळून आल्या आणि मी वेरूळला जायचं पक्कं केलं. संभाजीनगर म्हटल्यावर शोभाला कळवणं आलंच. शोभा माझी डी.एड.ची मैत्रीण. मी पुढं बँकेच्या परीक्षा देऊन साताऱ्याला स्थिरावले, ती शिक्षिका झाली. करमाडच्या पुढं आत एक लहानसं गाव आहे, तिथल्या चौथीपर्यंतच्या शाळेवर ती आता बरीच वर्षं आहे.

"वेरूळ रविवारी बघ," ती फोनवर म्हणाली. "शनिवारी माझ्या शाळेत ये. शनिवारी आमच्याकडं दप्तर नसतं. पोरं प्रयोग करतात, गावच्या बातम्या वाचून दाखवतात. या शनिवारी मात्र जरा अवघड आहे. आपलं कुणी सोबत असलं तर बरं वाटेल मला."

काय अवघड आहे ते तिनं सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. एका दिवसाचा बेत बदलला, इतकंच मनात होतं.

शुक्रवारी पहाटे निघाले. साताऱ्याहून पुणे आणि पुण्याहून नगरमार्गे संभाजीनगर. शिवनेरी महाग पडते, साधी बस बरीच स्वस्त आणि वेळेत फार फरक नाही. फक्त पाण्याची बाटली भरून घ्या. नगरच्या पुढं ऊन चढलं. रस्त्याकडेला कुठं कुठं पळस फुलला होता, बाकी रान करपलेलं. वाळूज आलं तशी दुपारच्या पाळीची माणसं दिसायला लागली. कंपनीच्या बसगाड्या, मोटारसायकलींची रांग, हँडलला अडकवलेले डबे. छावणी ओलांडून बसस्थानकात उतरले तेव्हा भूक लागली होती. जुन्या शहरात गेलात तर नान-खलिया, म्हणजे नान आणि मटणाचा रस्सा, जरूर खा. मी शुक्रवार पाळते म्हणून भजी आणि गरम इमरतीवर भागवलं. तिथून जालन्याकडं जाणारी बस पकडली. शेंद्र्याच्या कंपन्या मागं पडल्या की करमाड येतं. शोभा थांब्यावर स्कूटी घेऊन उभी होती.

तिच्या घरी ज्वारीची भाकरी आणि येसराची आमटी होती. येसर म्हणजे भाजलेल्या धान्याचं आणि मसाल्याचं घरी केलेलं पीठ. आमटीला दाटपणा आणि धुरकट चव येते. आमच्याकडं हे करत नाहीत. जेवता जेवता शोभानं सगळं सांगितलं.

तिच्या वर्गात आरती नावाची मुलगी आहे, चौथीत. जानेवारीच्या शेवटी आरतीचे वडील विष्णू शेतातल्या जुन्या विहिरीत उतरले. विहीर कित्येक वर्षं पत्र्यांनी झाकलेली होती. तळाशी थोडं पाणी, बाकी कुजलेला पालापाचोळा आणि गाळ. उन्हाळ्याआधी गाळ काढून पाणी लागतंय का बघायचं होतं. विष्णू लोखंडी शिडीनं खाली गेले, तळाच्या दगडावर बसल्यासारखे झाले आणि तसेच कलंडले.

काठावर तेव्हा तिघं होती. विष्णूची आई गयाबाई, बायको सविता आणि थोरला भाऊ रावसाहेब. रावसाहेब वाळूजला कामाला असतात, त्या दिवशी सुट्टीवर होते. त्यांनी चपला काढल्या आणि शिडीवर पाय ठेवला. त्याच क्षणी सवितानं त्यांना मागून कमरेला मिठी मारली.

"थोरल्या दिराला," शोभा म्हणाली. "ज्याच्यासमोर ती कधी डोक्यावरचा पदर खाली येऊ देत नव्हती. त्यानं हिसके दिले, सासूनं पाठीवर बुक्क्या मारल्या, पण तिनं सोडलं नाही. माणसं जमेपर्यंत तशीच धरून होती. शेवटी अग्निशमनची माणसं तोंडाला मास्क लावून उतरली. तोवर सगळं संपलं होतं."

"का धरलं तिनं?"

"मी विचारलं तिला. म्हणाली, पडणारा माणूस ओरडतो. हे ओरडले नाहीत. खाली कायतरी होतं."

तेराव्यानंतर गयाबाईंनी सुनेशी बोलणं बंद केलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच सांगत होत्या, हिनं माझ्या लेकाला वाचवू दिलं नाही. भाऊ उतरला असता तर विष्णू वर आला असता. गावातही तेच बोलणं फिरायला लागलं. मिठीबद्दल जे बोललं गेलं, ते इथं लिहीत नाही. रविवारी सविताचा भाऊ तिला माहेरी न्यायला येणार होता, कायमचं. आरती मात्र आजीकडंच राहायची, असं घरात ठरलं होतं.

"आणि तू उद्या काय करणार आहेस?" मी विचारलं.

"पोरं विहिरीला घाबरायला लागलीत. विचारतात, बाई, आत काय होतं? खरं उत्तर माझ्याकडं आहे. ते दाखवायचं की नाही, एवढंच ठरत नव्हतं. परवा सविताकडं गेले. ती म्हणाली, दाखवा. गावाला बोलवा."

शनिवारी सकाळी स्कूटीवरून निघालो. करमाडपासून आत रस्ता बरा आहे, शेवटचा तुकडा कच्चा. दोन खोल्यांची शाळा, पुढं लिंबाचं झाड, व्हरांड्यात एक लहान स्पीकर. दर शनिवारी बातम्या ऐकायला येणारी दहा-पंधरा माणसं असतात म्हणे. त्या दिवशी अंगण भरलं होतं. बायका एका बाजूला सतरंजीवर, पुरुष भिंतीशी उभे. शोभानं नजरेनंच दाखवलं: पुढं बसलेल्या, हिरव्या लुगड्यातल्या त्या गयाबाई. भिंतीशी हाताची घडी घातलेले ते रावसाहेब. आणि सगळ्यांच्या मागं, पायरीवर एकटी, ती सविता. तिच्या दोन्ही बाजूंची जागा रिकामी होती.

आधी बातम्या झाल्या. तिसरीतल्या एका मुलीनं माईक दोन्ही हातांत धरून वाचलं की कुणाची गाय व्याली, कुणाची ताई पोलीस भरतीच्या तयारीला शहरात गेली, बुधवारी लाईट जाणार आहे. नेहमी या बातम्यांवर हशा पिकतो, टाळ्या पडतात, असं शोभा म्हणाली होती. त्या दिवशी लोकांनी नुसतं ऐकलं.

मग शोभानं टेबलावर लोणच्याची मोठी काचेची बरणी ठेवली. तळाशी खायचा सोडा टाकला, वरून व्हिनेगर ओतलं. फसफसलं, फेस आला, खाली बसला. बरणी परत रिकामी दिसायला लागली.

"आत काय आहे?" तिनं मुलांना विचारलं.

"काही नाय!"

"नीट बघा. वास येतोय का?"

दोघं-तिघं पुढं आली. "व्हिनेगरचा येतो बाई. दुसरा नाय."

"आत एक वायू आहे. त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो हवेपेक्षा जड आहे म्हणून खाली बसून राहतो. पाला कुजला की असाच वायू तयार होतो. झाकलेल्या विहिरीत तो वर्षानुवर्षं साठतो. आता आपण यात मेणबत्ती उतरवू."

शोभानं तारेला अडकवलेली पेटती मेणबत्ती बरणीत सोडायला घेतली, तेवढ्यात आरती उठून पुढं आली. दोन वेण्या, बारीक चण. "बाई, मी सोडते."

शोभाचा हात थांबला. तिनं मागं पायरीकडं बघितलं. सवितानं मान हलवली.

आरतीनं तार धरली आणि मेणबत्ती हळूहळू आत सोडली. अर्ध्यावर ज्योत बारीक झाली आणि विझली. आवाज नाही, धूरसुद्धा जरासाच. माझ्या शेजारच्या बाईनं तोंडाला पदर लावला. गयाबाई बरणीकडं एकटक बघत होत्या.

शोभा पुढचं बोलणार होती. विहिरीत उतरायचं नाही, कुणाला बोलवायचं, हे सगळं तिनं फळ्यावर लिहून ठेवलं होतं. पण आरतीनं विझलेली मेणबत्ती वर काढली नाही. ती तशीच आत ठेवून तिनं टेबलावरची, तारेला लावलेली दुसरी मेणबत्ती उचलून पेटवली आणि म्हणाली, "हिला आणायला आता ही जाती."

हे ठरलेलं नव्हतं. शोभानं मला नंतर शपथेवर सांगितलं.

दुसरी मेणबत्ती आत गेली. अर्ध्यावर पोचली आणि विझली. पहिलीच्या शेजारी.

भिंतीशी उभे असलेले रावसाहेब खाली बसले. कुणीतरी पाणी आणायला धावलं.

"पुन्हा कर," गयाबाई म्हणाल्या.

आरतीनं शोभाकडं बघितलं. शोभानं दुसरी मेणबत्ती बाहेर काढून परत पेटवून दिली. पुन्हा तेच झालं. गयाबाई उठल्या, टेबलापाशी आल्या. "दे हिकडं." नातीच्या हातातून तार घेऊन त्यांनी परत पेटवलेली मेणबत्ती स्वतः सोडली. तार काचेला लागून किणकिणत होती. ज्योत विझली तरी त्या तार धरूनच उभ्या राहिल्या.

"वास नाय म्हनता?" त्यांनी शोभाला विचारलं.

"नाही आजी. माणसाला कळतच नाही."

"दिसत बी नाय?"

"नाही."

"मंग त्याला कसं कळावं," त्या म्हणाल्या. ते विष्णूबद्दल होतं. आणि मग, बरणीकडं बघतच, "हा बी गेला असता."

रावसाहेबांचा आवाज भिंतीकडून आला. "आई, मी तिथंच राहिलो असतो. मला रोज वाटायलंय. बोलायची हिंमत झाली नाय."

"आधी काहून नाय बोललास?"

लहान मुलासारखं मनगटानं नाक पुसत रावसाहेब बसून राहिले.

गयाबाई वळल्या आणि सतरंजीवरच्या बायकांमधून वाट काढत मागं गेल्या. सविता उठून उभी राहिली, डोक्यावरचा पदर सारखा केला. मला वाटलं, आता सासू गळ्यात पडेल, रडेल. तसं काही झालं नाही. गयाबाईंनी सविताच्या पाठीवरून एकदा हात फिरवला, खांद्यापासून खाली. जिथं बुक्क्या मारल्या होत्या तिथंच असावा.

"लई लागलं होतं का?" त्यांनी विचारलं.

"नाय आत्याबाई," सविता म्हणाली, आणि मग तिला रडू आवरेना.

शोभानं उरलेला धडा पुरा केला. जुन्या विहिरीत उतरायचंच नाही. दिवा सोडून बघितला आणि जळत राहिला, तरी भरवसा नाही. कुणी खाली पडलं तर मागोमाग उतरायचं नाही, फोन करायचा, माणसं बोलवायची. मुलांनी एका सुरात म्हणून दाखवलं. मोठी माणसंही पुटपुटत होती.

मी फोन पर्समधून काढलाच नाही, म्हणून या पोस्टमध्ये फोटो नाहीत. नावंही बदलली आहेत. ही पोस्ट शोभानं सविताला वाचून दाखवली, तिनं हो म्हटल्यावरच टाकते आहे. अशा शाळा बघायला जायचं असेल तर जरूर जा, पण आधी विचारून जा, आणि मुलांना काही द्यायचंच असेल तर खाऊऐवजी भिंगं, चुंबकं, काचेच्या बरण्या द्या. शाळेला त्या लागतात.

रविवारी मी ठरल्याप्रमाणे वेरूळला गेले. शहरातून बस मिळते. सकाळी लवकर पोचा, दुपारी दगड तापतो. कैलास लेणं वरच्या कड्यावरून बघितलं. डोंगर वरून खाली कोरत नेलेला. कठड्याशी उभं राहून खोल खाली बघितलं आणि मी मागं झाले. एका झाडाखाली बसून राहिले. संध्याकाळी शोभाचा फोन आला. सविताचा भाऊ सकाळी गाडी घेऊन आला होता. गयाबाईंनी त्याला पाट मांडला, जेवायला वाढलं आणि सांगितलं, "ती येनार नाय. तुमी जेवून जा."

सोमवारी रात्रीपर्यंत मी साताऱ्यात परत. बँक, घर, नेहमीचं सगळं सुरू झालं. लोक विचारतात, वेरूळ कसं वाटलं? मी सांगते, सुंदर आहे. खरं तर सहलीतलं आठवत राहतं ते एका म्हाताऱ्या बाईनं म्हटलेलं "पुन्हा कर". ज्या गोष्टीनं आपण चुकलो हे कळणार आहे, ती गोष्ट पुन्हा, तीही स्वतःच्या हातानं करून बघायची हिंमत माझ्यात आहे का, मला ठाऊक नाही. त्या घरात सगळं सुरळीत झालंय असंही नाही. विष्णू नाहीतच. आरती झोपेत दचकून उठते. गावात मिठीचा विषय काढणारे अजून आहेत, फक्त आता गयाबाईंसमोर कुणी काढत नाही.

मागच्या शनिवारी शोभानं मला फोन लावला आणि स्पीकरपाशी धरला. बातम्या सुरू होत्या, वाचणारा आवाज आरतीचा होता. शेजारच्या शिवारात एका जुन्या विहिरीचे पत्रे काढले, मोटार बसवायला माणूस उतरणार होता. हे कळल्यावर गयाआजी तिथं जाऊन काठावर बसली. लोकांनी समजावलं, रागावले, पण ती उठली नाही. दुपारी आरतीच्या आईनं तिथंच भाकरी नेली. दोघींनी काठावर बसून खाल्ली. ऊन कलल्यावर लोकांनी पत्रे परत टाकले.

मग कागद उलटल्याचा आवाज आला आणि आरतीनं बातमीचं शेवटचं वाक्य वाचलं.

"कुणीही उतरलं नाही."