डोळे न कोरलेला खंडोबा

घोड्यावरच्या खंडोबाचा पितळी ठसा, कोरायची पोलादाची सोळा कलमं आणि पत्रा बसवायची राळेची पाटी हे सगळं मी माझ्या हातांनी केलं. कुणी शिकवलं नाही. चामराजपेटेतल्या दुकानात त्या ठशावर चांदीचा पत्रा ठोकून मी देव्हाऱ्यातले टाक घडवतो. डोळे शेवटी कोरतो, आंघोळ करून, उपाशीपोटी. डोळे उघडले की तो देव; मग त्याला रोज नैवेद्य हवाच.

नाकारलेली कामं एकमेकांना कळवणाऱ्या आपल्या ईमेल-गटातल्या मंडळींनो, आज सकाळी एक हॉटेलवाला आला. त्याला बारच्या कौंटरवर, दारूच्या पेल्यांखाली असे टाक बसवायचेत. मी विचारलं, "नैवेद्य कोण दाखवणार?"

"शेंगदाणे असतातच की रोज!"

माझा धाकटा भाऊ, म्हणजे दुकानातला भागीदार, तोही हसला. "अण्णा, स्वल्प, थोडं समजून घे. डोळे कोरूच नकोस. मग तो देव नाही, नुसता पत्रा."

आतून बायको म्हणाली, "भावजी बरोबर म्हणताहेत." दुपारी आमच्या देवळाच्या पुजाऱ्यांनीही मान डोलावली.

मी सगळ्यांना म्हटलं, "आंधळा केला म्हणून तो दुसरा कुणी होतो का? घोडा त्याचाच, तलवार त्याचीच."

मी नकार दिला. संध्याकाळी भावानं ते काम स्वतःच्या नावावर घेतलं आणि माझाच ठसा उचलला. दुकान दोघांचं, म्हणून ठसाही दोघांचा. मी निघालो तेव्हा ठोके सुरू झाले होते. पत्रा नरम पडेल इतका तापवलेला नव्हता, आवाजावरून कळत होतं.

मग माझ्या नकारानं नेमकं काय वाचलं? कुणाला दिसत असेल तर सांगा.

मी नाकारलेलं काम: बारसाठी चांदीचे चोवीस टाक. घडणावळ साठ हजार रुपये.