मेकाँगकाठी सोडलेलं धपाटं

म्हणे आराम करायला आणलंय मला! माझ्या मालकांना जाऊन वर्ष होत आल्तं. परतूरला भंतेजींना बोलावून, लोकांना जेवू घालून पुण्यानुमोदन करायचं, ते सोडून पोरानं लाओसची तिकिटं काढली. मेकाँग नदीकाठचं गाव, मऊ गाद्या, पाय दाबून देणाऱ्या बाया. "आई, तू दमलीस. जरा निवांत बस," म्हणाला. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. बापाच्या पुण्यानुमोदनाला कुणी सहलीला जातं का?

ह्यांना धपाटे फार आवडायचे, म्हणून घरूनच करून नेले होते. तिथं रोज सकाळी भिक्खू ओळीनं भिक्षेला निघतात असं कळलं, तेव्हा मनात धरलं, ह्यांच्या नावाचं दान इथंच द्यायचं. पांढरी साडी नेसून रस्त्यावर उभी राह्यले. पहिले भंतेजी समोर आले, तशी आपल्या रीतीनं पाया पडायला वाकले. तर ते झटकन मागं सरकले!

डोक्यात तिडीक गेली. हात लागू नये म्हणून मागं सरकणारी माणसं आम्ही गावात लय पाह्यलीत. बुद्धाच्या मुलखातही तेच? "चल रे, हितं बिलकुल थांबायचं न्हाई," मी ओरडले. पोरगं तिकडं मोबाईलवर माझाच फोटो काढून राह्यलं होतं.

तेवढ्यात शेजारच्या चटईवरल्या म्हातारीनं माझा पदर ओढून मला खाली बसवलं. स्वतःकडं बोट दाखवून तिनं मान हलवली. तीसुद्धा भंतेजींना शिवत नव्हती. तिथं कुठलीच बाई शिवत न्हाई. मंग तिनं वरूनच पात्रात भात सोडून दाखवला. बायांनीच दूर का राहायचं, हे मला अजून पटलेलं न्हाई. पण पुढचे भंतेजी माझ्यासमोर थांबले, आणि ह्यांचं नाव घेऊन मी धपाटं पात्रात सोडलं.

ओळ गेल्यावर म्हातारी बाटलीतलं पाणी झाडाच्या बुडाशी सोडायला लागली. कोण गेलं, असं तिनं खुणेनं विचारलं. मी रिकाम्या गळ्याला हात लावला. तिनं बाटली माझ्या हाती दिली, पोराला जवळ बोलावलं, त्याचा मोबाईल बाजूला ठेवला आणि त्याला माझं कोपर धरायला लावलं. मेलेल्या माणसासाठी तिथं सगळं घर मिळून पाणी सोडतं. बाप गेल्यापासून न रडलेलं माझं पोरगं तिथं हुंदके देऊन रडलं.

चमत्कार आम्ही मानत न्हाई. दान म्हणजे सोडणं, असं हे म्हणायचे. त्या सकाळी माझ्या हातून पोरावरचा रागही सुटला. त्या बाईचं नाव मला ठाऊक न्हाई, पण रोज वंदनेनंतर तिचं भलं चिंतते. बाटलीतलं पाणी संपलं, तरी पोरानं माझं कोपर सोडलं नव्हतं.